बिब्बा, गाजर गवत आणि अंगातले शिपाई

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



उत्सवात वैद्यकीय व्याख्यान म्हटले की मधुमेह नाही तर रक्तदाब, हे आपले ठरलेले. समितीने यंदाही तेच सुचवले होते. मी मुद्दाम विषय बदलून मागितला. कारण दवाखान्यात एक शब्द मी रोज ऐकतो, तो म्हणजे 'अ‍ॅलर्जी'. सकाळी शिंका आल्या, अ‍ॅलर्जी. अंगाला खाज सुटली, अ‍ॅलर्जी. गोळी घेतल्यावर पोट बिघडले, तीही अ‍ॅलर्जी. आणि सासूबाईंचे बोलणे सोसत नसेल तर त्याचीसुद्धा अ‍ॅलर्जीच! एवढ्या एका शब्दाखाली आपण निदान चार निरनिराळे आजार कोंबतो. त्यातला एक पाच मिनिटांत जीव घेऊ शकतो आणि दुसरा दोन दिवसांनी उठतो. एकाचे औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. एकाची तपासणी दुसऱ्याला उपयोगी नाही. 'अ‍ॅलर्जी आहे' असे म्हणून आपण मोकळे होतो, तिथेच घोटाळा होतो.

दुसरी गोष्ट मला सांगायची आहे ती या सगळ्याच्या मुळाशी असलेल्या एका पेशीची. ती स्वतःच बिघडली तर जो आजार होतो तो 'वयोमानाप्रमाणे कंबर दुखते' या वाक्याआड महिनोन्‌महिने लपून राहतो. तिच्याकडे मी शेवटी येईन.

आधी थोडी ओळख करून देतो. आपल्या शरीराच्या संरक्षणाची व्यवस्था म्हणजे साधारणपणे दोन पलटणी समजा. एक पलटण लांबून मारा करते. शरीरात परके काही शिरले की त्या विशिष्ट शत्रूला नेमके चिकटणारे प्रथिन तयार होते, त्याला प्रतिपिंड म्हणजेच अँटीबॉडी म्हणतात. हे प्रतिपिंड बनवण्याचा कारखाना म्हणजे प्लाझ्मा पेशी. हे काम तिचेच, हे स्वीडनच्या अ‍ॅस्ट्रिड फॅग्रेयस या संशोधिकेने १९४८ मध्ये आपल्या प्रबंधात दाखवून दिले. एक प्लाझ्मा पेशी एकाच प्रकारचे प्रतिपिंड बनवते, पण बनवते ते सेकंदाला हजारोंच्या हिशेबाने. दुसरी पलटण हातघाईची. तिच्यातल्या टी पेशी प्रतिपिंडाच्या भानगडीत न पडता स्वतः जागेवर जाऊन लढतात. त्यांना जमवाजमव करायला वेळ लागतो.

या दोन्ही पलटणींना स्मरणशक्ती असते. लस टोचून आपण त्याच स्मरणशक्तीचा फायदा घेतो. पण हीच फौज कधी निरुपद्रवी वस्तूला शत्रू समजते, तर कधी शत्रू खरा असला तरी अशी तोफ डागते की घराच्याच भिंती पडतात. याला अतिसंवेदनशीलता म्हणतात. जेल आणि कूम्ब्स या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये तिचे चार प्रकार पाडले. आपले रायपूरचे मेडिकल कॉलेजही १९६३ सालचेच, म्हणजे इथल्या पहिल्या तुकडीपासून प्रत्येकाला हे चार प्रकार पाठ करावे लागलेले असणार. पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या, पण कामचलाऊ म्हणून आजही तेच शिकवतात. मी तुम्हाला ते क्रमाने सांगणार नाही. चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण तो आपल्या आजीला ठाऊक होता.

'बिब्बा उतला' हा शब्दप्रयोग इथल्या तरुण मंडळींनी कदाचित ऐकला नसेल. बिब्ब्याचे तेल टाचेच्या भेगांना, मुरगळलेल्या पायाला लावण्याची रीत होती. आपल्या छत्तीसगडात त्याला भेलवा म्हणतात. हरेलीला शेतात ज्या फांद्या खोचतात त्या याच झाडाच्या. आतली गोडंबी आपण डिंकाच्या लाडवात खातो. पण टरफलातले काळे तेल अंगाला लागले तर काही जणांना काहीच होत नाही आणि काही जणांच्या अंगावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरळ, फोड, सूज असा थाट उठतो. बरे, तेल लागलेले असते पायाला आणि उठते कधी कधी चेहऱ्यावरही, कारण हात तिथे गेलेला असतो. आजी म्हणायची, "त्याला बिब्बा उततो, त्याला लावू नका." या एका वाक्यात चौथ्या प्रकाराची सगळी लक्षणे आली. सर्वांना होत नाही, ज्याला एकदा झाले त्याला पुन्हा होते, आणि होते ते उशिराने. शुद्ध तेलाने कोणाचीही कातडी भाजू शकते, ती बाब वेगळी. उतणे म्हणजे टी पेशींचे काम. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांच्या मानेवर ठरावीक जागी चट्टे उठत. शोध घेतला तेव्हा कळले की धोबी कपड्यांवर खूण करायला बिब्ब्याचा रस वापरतात आणि खूण कॉलरला असते. इंग्रज डॉक्टरांना जे कोडे पडले ते आपल्याकडच्या कुठल्याही म्हातारीने बसल्या जागी सोडवले असते.

आता बिब्ब्याचा वापर कमी झाला. त्याची जागा घेतली ती गाजर गवताने. इथे आपण त्याला गाजर घास म्हणतो. पुण्याकडे काँग्रेस गवत, कुठे चटकचांदणी. पांढरी बारीक फुले गांधी टोप्यांसारखी दिसतात म्हणून काँग्रेस, असे लोक सांगतात. राजकारणात मी पडत नाही. मूळचे हे अमेरिका खंडातल्या उष्ण भागातले. १९५१ च्या सुमारास पुण्यातल्या उकिरड्यांवर प्रा. परांजपे यांना याची तुरळक झाडे दिसली आणि १९५६ मध्ये राव यांनी मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची रीतसर नोंद केली. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर बी आले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एक झाड हजारो बिया टाकते, त्या वाऱ्याने आणि पाण्याने पसरतात, आणि गुरे त्याला तोंड लावायला सहसा तयार नसतात. मग काय विचारता! पुण्यातल्या उकिरड्यावरून निघालेले हे गवत साऱ्या देशात पसरले. आपल्या रायपुरात रेल्वेलाइनच्या कडेने, रिकाम्या प्लॉटांवर, खारून नदीकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना या दिवसांत तेच उभे असते.

गवताबरोबर त्वचेचा एक आजारही आला आणि तोही प्रथम पुण्यातच नजरेत भरला. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी मिचेल आणि कॅल्नन या परदेशी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये या त्वचारोगावर निबंध प्रसिद्ध केला. या गवताच्या पानांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. गवत वाळले की त्याचा भुगा हवेत उडतो. म्हणजे हात लावायचीही गरज नाही. पापण्या, कपाळ, मान, कानामागे, कोपराच्या आणि गुडघ्याच्या घडीत खाज सुटते, कातडी जाड आणि काळपट होते. शेतात काम करणाऱ्या, पहाटे फिरायला जाणाऱ्या, बागकाम करणाऱ्या मध्यमवयीन पुरुषांत हा आजार जास्त दिसतो. काही जणांचा आजार इतका मुरतो की पुढे उन्हाचीही बाधा होऊ लागते आणि माणूस दिवसा घराबाहेर पडेनासा होतो. खाजेने झोप नाही, चेहरा विद्रूप झालेला, लोक 'काही संसर्गाचे तर नाही ना' म्हणून लांब बसतात. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. हे मी माइकवरून मोठ्याने सांगतो आहे, कारण अशी माणसे आरतीला मागच्या रांगेत उभी राहतात.

आता यातला व्यवहाराचा मुद्दा ऐका. असा रुग्ण आला की घरचे म्हणतात, "डॉक्टर, रक्ताची ती मोठी अ‍ॅलर्जीची तपासणी करून टाका." हजारो रुपये जातात, पाच पानांचा अहवाल येतो, त्यात वांगे, अंडे, शेंगदाणा, तूरडाळ सगळ्यांपुढे काही ना काही आकडे असतात. मग घरात वांगे बंद, अंडे बंद, डाळ बंद. खाज मात्र जिथल्या तिथे. कारण ती तपासणी आयजीई नावाच्या प्रतिपिंडाची असते आणि हा आजार प्रतिपिंडाचा नाहीच, टी पेशींचा आहे. त्याची तपासणी म्हणजे पॅच टेस्ट. पाठीवर निरनिराळ्या द्रव्यांच्या पट्ट्या चिकटवतात, दोन दिवस अंगाला पाणी लावू देत नाहीत, पट्ट्या काढून पाहतात आणि आणखी दोन-एक दिवसांनी पुन्हा पाहतात. आयजीईच्या आजाराची टोचून करायची तपासणी वीस मिनिटांत उरकते. एकीला मिनिटे आणि दुसरीला दिवस का लागतात, हे आता तुम्हाला कळले असेल. दुकानातून आणलेली शिंकांची गोळीही इथे फारसे काम करत नाही. लावायची मलमे, काही वेळा अझाथायोप्रिनसारखे औषध, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गवतापासून दूर राहणे, हाच उपाय. आणि गोरे होण्यासाठी म्हणून जी स्टेरॉइडची मलमे पानाच्या ठेल्यावरसुद्धा मिळतात, ती तोंडाला फासू नका. चार दिवस बरे वाटते आणि नंतर कातडी कागदासारखी पातळ होते.

एक गोष्ट उत्सवाच्या संदर्भात सांगायला हवी. गाजर गवत ज्या कुळातले, त्याच कुळातली शेवंती, सूर्यफूल, डेलिया आणि आपला झेंडूही. गाजर गवताने ज्यांची कातडी बिथरली आहे त्यांतल्या काहींना शेवंतीही सोसत नाही. हार गुंफणाऱ्या एखाद्या ताईंची बोटे दरवर्षी याच आठवड्यात फुटत असतील तर साबणाला दोष देण्याआधी फुलांकडे पाहा. बाप्पाला जास्वंद आणि दूर्वा अधिक प्रिय आहेत, त्याची अडचण होणार नाही. टिकलीचा डिंक, केसांचा काळा रंग, खोट्या दागिन्यांतले निकेल, हीही सगळी याच घराण्यातली.

हेच गवत दुसराही एक आजार करते. त्याचे परागकण नाकात गेले की काही जणांना लगेच सटासट शिंका येतात, डोळे चुरचुरतात, दम लागतो. हा पहिला प्रकार. तो आयजीई प्रतिपिंडाचा, म्हणजे प्लाझ्मा पेशीच्या पलटणीचा. म्हणजे गवत एक, माणसे दोन आणि आजारही दोन. एकाच अंगणातले दोन भाऊ, दोघेही 'गाजर घासची अ‍ॅलर्जी' म्हणून येतात, आणि दोघांची औषधे वेगळी.

पहिल्या प्रकाराचे उग्र रूप म्हणजे अ‍ॅनाफिलॅक्सिस. मधमाशी चावली, एखादे इंजेक्शन दिले, एखाद्याने कोळंबी खाल्ली, आणि पाच-दहा मिनिटांत अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजली, घसा आवळला, रक्तदाब कोसळला. हे ज्या कुणी पाहिले आहे तो विसरत नाही. इथे जीव वाचवणारे औषध एकच, अ‍ॅड्रिनॅलिन. ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत टोचायचे आणि लवकर टोचायचे. खाजेचे इंजेक्शन आणि स्टेरॉइड यांचे काम नंतरचे. ती आधी देऊन वाट पाहत बसण्यात मोलाची मिनिटे जातात. असा झटका ज्याला एकदा येऊन गेला आहे त्याने कशामुळे आला ते कागदावर लिहून पाकिटात ठेवावे. उलट, गोळीने मळमळले म्हणून 'मला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी' असे जन्मभर सांगत फिरू नये. असे सांगणाऱ्यांची नीट तपासणी केली तर दहांतल्या नऊ जणांना ती नसते असे आढळले आहे. आणि या समजुतीपायी त्यांना आयुष्यभर महागडी, कधी कधी कमी गुणकारी औषधे घ्यावी लागतात.

उरलेले दोन प्रकार थोडक्यात सांगतो. दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट आपल्या किंवा भरलेल्या रक्ताच्या पेशींवर हल्ला करतात. चुकीच्या गटाचे रक्त चढले की होते ते हेच. याचा मुंबईशी निकटचा संबंध आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे लोक शोधले की ज्यांचे रक्त नेहमीच्या तपासणीत 'ओ' दिसते, पण त्यांना 'ओ' गटाचे रक्तही चालत नाही. सर्व 'ओ' रक्तात असलेला 'एच' नावाचा पायाच त्यांच्या पेशींवर नसतो आणि त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात तयार असतात. 'लॅन्सेट'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचे नाव पडले 'बॉम्बे ब्लड ग्रुप'. शहराचे नाव बदलले, रक्तगटाचे तेच राहिले. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो. युरोपात दहा लाखांत एखादा. रक्त देण्यापूर्वी रक्तपेढीत 'क्रॉसमॅच'साठी तास-दीड तास लागतो तेव्हा तिथे भांडू नका. तो वेळ याचसाठी असतो. छत्तीसगडात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांना वारंवार रक्त लागते आणि दर वेळी परक्या रक्ताविरुद्ध नवी प्रतिपिंडे तयार होण्याची शक्यता वाढते. त्यांच्यासाठी तर ही तपासणी फारच महत्त्वाची.

तिसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे आणि परके प्रथिन यांचे गठ्ठे रक्तात फिरतात आणि सांध्यांत, कातडीत, मूत्रपिंडात अडकून बसतात. घोड्याच्या रक्तातून काढलेली घटसर्पाची लस दिलेल्या काही मुलांना आठवडाभराने ताप, पुरळ, सांधेदुखी व्हायची. व्हिएन्नाचे फॉन पिर्के आणि शिक यांनी १९०५ मध्ये त्याचा अभ्यास मांडला, आणि पुढच्याच वर्षी पिर्केंनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. सर्पदंशावरची आपली लस अजूनही घोड्यापासूनच तयार होते. मुंबईच्या परळच्या हाफकिनचे नाव या संदर्भात आपण सर्वांनी ऐकलेले आहे. तिची रिअ‍ॅक्शन येऊ शकते, हे खरे. पण म्हणून ती नाकारायची नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मण्यार, म्हणजे इथली करैत, चावते तेव्हा दुखतही नाही आणि पहाटे श्वास बंद पडू लागतो. रिअ‍ॅक्शनवर डॉक्टरांच्या हाताशी इलाज असतो. लस न दिलेल्या विषावर नसतो.

असो. आता त्या पेशीकडे येतो.

पहिल्या प्रकाराला कारणीभूत असलेले आयजीई हे प्रतिपिंड रक्तात इतके नगण्य असते की ते कोणाच्या हाती लागत नव्हते. १९६६ मध्ये अमेरिकेत काम करणाऱ्या इशिझाका या जपानी दांपत्याने त्याचा माग काढला. त्याच सुमारास स्वीडनच्या उप्साला गावी योहान्सन आणि बेनिक यांच्याकडे एका रुग्णाच्या रक्ताचा नमुना आला. त्या रुग्णाला मायलोमा होता. मायलोमा म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोग. एकच प्लाझ्मा पेशी बेबंद होते, तिच्यासारख्याच लाखो-करोडो पेशी हाडांच्या मगजात माजतात, आणि त्या सगळ्या एकच प्रतिपिंड ओतत राहतात. या रुग्णाच्या रक्तातले प्रतिपिंड तोवर माहीत असलेल्या कुठल्याच जातीचे नव्हते. दोन्हीकडचे नमुने ताडून पाहिले तेव्हा ते एकच निघाले, आणि १९६८ मध्ये त्याचे नाव आयजीई ठरले. म्हणजे आज जगभर अ‍ॅलर्जीची जी रक्ततपासणी होते तिचा पाया एका मायलोमाच्या रुग्णाने घातला. त्या रुग्णाला स्वतःला त्याचा काही उपयोग झाला नसेल, पण आपण त्याचे ऋणी आहोत.

मायलोमाची लक्षणे मी मुद्दाम सावकाश सांगतो. माजलेल्या पेशी हाड पोखरतात. म्हणून पाठ, कंबर, बरगड्या दुखतात, आणि एखाद्या दिवशी बादली उचलताना मणका दबतो. मगजातली जागा अडल्याने रक्त कमी होते. हाडातले कॅल्शियम रक्तात उतरून तहान, बद्धकोष्ठ, गुंगी येते. प्रतिपिंडाचे तुकडे मूत्रपिंडात अडकतात. आणि गंमत पाहा, रक्तात प्रतिपिंडांचा महापूर असूनही कामाचे प्रतिपिंड नसते, त्यामुळे न्यूमोनिया पुन्हा पुन्हा होतो. यातले प्रत्येक लक्षण वेगळे घेतले तर सामान्य आहे. कंबरेसाठी हाडांचे डॉक्टर, अशक्तपणासाठी लोहाच्या गोळ्या, मूत्रपिंडासाठी तिसरे डॉक्टर, आणि सगळे एकत्र पाहणारा कोणीच नाही. त्यातून रोज दोन-दोन वेदनाशामक गोळ्या. त्या गोळ्या मूत्रपिंडाला आणखी खाली ओढतात.

पाश्चात्य देशांत हा आजार सत्तरीच्या आसपास दिसतो. आपल्याकडे त्याहून साधारण दहा वर्षे आधी. म्हणून पन्नाशी ओलांडलेल्या माणसाची पाठदुखी काही आठवड्यांत हटत नसेल, आणि जोडीला हिमोग्लोबिन कमी, ईएसआर फार जास्त किंवा क्रिएटिनिन वाढलेले असेल, तर डॉक्टरांना स्वतःहून विचारा, "प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करायची का?" ही रक्ताची साधी तपासणी आहे. एकाच प्रतिपिंडाची गर्दी असेल तर तिच्यात एक उंच, टोकदार शिखर दिसते. त्याला एम-बँड म्हणतात. जोडीला लाइट चेनची तपासणी करतात. लघवीच्या पट्टीवर 'प्रोटीन नाही' आले म्हणून निर्धास्त राहू नका. पट्टीला अल्ब्युमिन दिसते, हे तुकडे दिसत नाहीत. लंडनच्या बेन्स जोन्स यांनी ते लघवीतले प्रथिन १८४० च्या दशकातच ओळखले होते.

एम-बँड दिसला म्हणजे कर्करोगच असे मात्र नाही. पन्नाशीनंतर शंभरांत सुमारे तिघांत छोटासा एम-बँड असतो, हा पाश्चात्य देशांतला आकडा. त्यांतले वर्षाला शंभरांत एकच जण पुढे आजाराकडे सरकतात. बाकीच्यांना औषध नाही, फक्त ठरावीक काळाने तपासणी.

उपचारांची कथाही मोठी विलक्षण आहे. थॅलिडोमाइड हे नाव ज्येष्ठांना आठवत असेल. गरोदर स्त्रियांनी मळमळीवर घेतल्याने हजारो मुले हातापायांची वाढ खुंटलेली जन्मली आणि १९६१ मध्ये ते औषध बंद झाले. तेच औषध अमेरिकेत मायलोमाच्या रुग्णांना देऊन पाहिले गेले, तेही एका रुग्णाच्या पत्नीने हट्टाने शास्त्रज्ञांचा पिच्छा पुरवल्यावर. १९९९ मध्ये त्याचा निबंध आला. सर्व उपाय थकलेल्या ८४ रुग्णांपैकी जवळजवळ एकतृतीयांशांना गुण आला होता. त्या निबंधाचे पहिले नाव आहे डॉ. सीमा सिंघल, भारतीय वंशाच्या डॉक्टर. त्यानंतर बोर्टेझोमिब, लेनालिडोमाइड आली, भारतीय कंपन्यांनी ती बनवल्याने आपल्या आवाक्यातही आली. रुग्णाच्याच मूळ पेशी काढून ठेवून परत देण्याचे प्रत्यारोपण आहे. आजार मुळापासून जातो असे मी म्हणणार नाही. पण पूर्वी जिथे दोन-तीन वर्षे मोजत, तिथे आता कित्येक रुग्ण दहा वर्षे आणि त्याहून अधिक काळ कामधंदा करत राहतात. मात्र मूत्रपिंड गेल्यावर आलेला आणि आधी आलेला यांच्यात फार फरक पडतो. पूर्वी निदानासाठीच गीतांजली पकडून मुंबईला टाटा हॉस्पिटल गाठावे लागे. आता २०१२ पासून रायपुरातच एम्स आहे, नव्या रायपुरात कर्करोगाचे इस्पितळ झाले आहे. निदानाला तरी गाव सोडायची गरज उरलेली नाही.

व्याख्यान इथे संपले. नंतर विचारलेल्या प्रश्नांपैकी तीन, समितीच्या सांगण्यावरून, इथे देतो.

तात्यापाऱ्यातल्या एका काकांनी विचारले, "माझा ईएसआर साठ आला आहे, म्हणजे मला हेच असेल का?" काका, ईएसआर दात दुखल्यानेही वाढतो. क्षयरोग, संधिवात, लघवीचा संसर्ग, सगळ्यांत वाढतो. एकट्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. पण कारण सापडल्याशिवाय सोडूही नका. गेल्या दोन-तीन वर्षांचे अहवाल एकत्र लावून घेऊन या. हिमोग्लोबिन उतरत गेले आहे का, हे एका नजरेत कळेल.

एका वहिनींनी विचारले, "मुलाला लहानपणापासून दमा आहे. पंप एकदा लागला की सुटत नाही म्हणतात, खरे का?" वहिनी, पंपाने औषध थेट श्वासनलिकेत जाते, म्हणून गोळीपेक्षा कितीतरी कमी मात्रा पुरते. सवय लागते ती औषधाची नव्हे, नीट श्वास घेण्याची. दमा आटोक्यात राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करत आणतात. आपण होऊन बंद करू नका.

तिसरा प्रश्न आपल्या युवा शाखेचा. मंडळामागच्या प्लॉटवरचे गाजर गवत उपटायचे आहे, कसे करावे? फुले येण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन ओली असताना, मुळासकट. हातमोजे, पूर्ण बाह्या, नाकातोंडावर रुमाल. ज्याला आधीच खाज किंवा दमा आहे त्याने चहाची व्यवस्था पाहावी. उपटलेले गवत वाळवून जाळू नका, खड्ड्यात पुरा. मेक्सिकोहून १९८४ मध्ये बेंगळुरूला आणलेले भुंगेरे पावसाळ्यात या गवताची पाने फस्त करतात. पानांवर पिवळसर, काळ्या रेघांचे बारीक किडे दिसले तर त्यांना मारू नका. आणि गवत काढल्यावर जागा उघडी ठेवू नका, नाहीतर पुढच्या पावसात तेच परत येते. तिथे चरोटा लावा, म्हणजे कोकणातला आपला टाकळा. तो दाट माजतो आणि गाजर गवताला डोके वर काढू देत नाही. कोवळ्या पानांची भाजी होते, ती कशी करायची ते शेजारच्या छत्तीसगढी वहिनींना विचारा. दिवाळीच्या सुमारास त्याच्या शेंगा वाळतात. बी तेव्हाच गोळा करून त्या प्लॉटवर फेकून ठेवा, आणि थोडे पिशवीत बांधून जूनच्या पहिल्या पावसासाठीही राखा.